घरच्या पोकरसाठी कॅट कुठला, चिप्स किती? आधी हिशेब, मग डाव

बेळगाव : गणपतीचं जागरण असो नाही तर लक्ष्मीपूजनाची रात्र, आपल्याकडं पत्त्यांचा डाव बसतोच. रमी, मेंढीकोट, तीन पत्ती हे जुने खेळ. अलीकडं त्यात पोकरची भर पडली आहे. बंगळूर-पुण्याला नोकरीला असलेली मुलं सुटीला येतात ती हा खेळ घेऊनच. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि मोबाइलवर रात्री काढणारे काही जण पुन्हा चटईवर येऊन बसले. ओळखीतले लोक आता विचारतात, कॅट कुठला घेऊ, चिप्स किती ग्रॅमचे घेऊ, दोनशेचा सेट पुरेल का?

प्रश्न साधा वाटतो, पण यात चूक झाली की काय होतं ते मी घरातच बघितलं आहे. पावसाळ्यातली एक शनिवारची रात्र, आठ जण, किराणा दुकानातून आणलेला साधा कागदी कॅट आणि चिप्सच्या जागी काडेपेटीतल्या काड्या. डावावर पैसे नव्हते. ज्याच्या काड्या सर्वात कमी, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना जेवण द्यायचं, एवढंच. रात्री दीडच्या सुमारास माझा मेहुणा म्हणाला, बदामाच्या एक्क्याचा कोपरा दुमडला आहे. त्यावर मामेभाऊ हसून बोलून गेला, "मला अकरालाच दिसलं होतं ते." झालं! मग शेवटी काड्या मोजल्या, तर वाटल्या त्याच्यापेक्षा ४६ जास्त. स्वयंपाकघरात काडेपेटीचं अख्खं पुडकं होतं, कुणी कधी उचलल्या कोण सांगणार? चहा न घेताच मंडळी उठली. मेहुणा आणि मामेभाऊ दसऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

दोन्ही भांडणं माणसांमुळं झाली असं त्या रात्री वाटलं होतं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, एक भांडण कागदामुळं झालं आणि एक काड्यांमुळं.

खेळच तसा आहे

घरोघरी खेळतात तो पोकर म्हणजे टेक्सस होल्डेम. ५२ पत्ते, जोकर बाजूला. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडतात, आणि या सातांतले कुठलेही पाच धरून ज्याचा मेळ मोठा, तो जिंकतो. मध्ये चार वेळा बोली लागते. पटत नसेल त्याने पत्ते टाकून द्यायचे.

रमीत पत्ते हातात पंख्यासारखे धरतात. होल्डेममध्ये ते चटईवरच पालथे ठेवायचे आणि बोटाने कोपरा उचलून हळूच बघायचे असतात. एका रात्रीत शेकडो वेळा कोपरे वाकतात. साधा कागदी पत्ता हे सोसत नाही. पांढरी रेघ उमटते, कोपरा वर राहतो, आणि ती रेघ एक्क्यावर किंवा राजावर पडली की पालथा पत्ताही उघडा झाल्यासारखाच. रमीत तेरा पत्त्यांमध्ये एखादा ओळखीचा झाला तर फार बिघडत नाही. इथं दोनच पत्ते, त्यातला एक कळला म्हणजे निम्मं गुपित गेलं.

कागद, कोटिंग आणि अस्सल प्लॅस्टिक

बाजारात 'प्लॅस्टिक'चे पत्ते मागितले की खडे बाजारात काय नि पणजीत काय, दुकानदार बहुतेक वेळा प्लॅस्टिक कोटेड कॅट काढून देतो. हा आतून कागदच. अमेरिकेतले प्रसिद्ध बायसिकल पत्तेही कागदीच आहेत. त्यांचा कागद चांगला आणि पृष्ठभाग खरबरीत ठेवलेला असतो, म्हणून ते हाताला छान लागतात. जादूचे प्रयोग करणाऱ्यांना तेच आवडतात. आपल्या कामाचा कॅट तो, ज्याच्या डब्यावर '१०० टक्के प्लॅस्टिक' किंवा पीव्हीसी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ब्राझीलची कोपॅग, इटलीची मोदियानो या त्यातल्या जुन्या कंपन्या. अमेरिकेच्या केमचे पत्ते सेल्युलोज ॲसिटेटचे असतात. भारतात बनलेले पीव्हीसी कॅटही मिळतात आणि घरच्या खेळाला ते पुरेसे आहेत. साध्या कॅटच्या कितीतरी पट पैसे जातात हे खरं, पण तो पाच-सहा वर्षं चालतो.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. बेळगाव, खानापूर, चंदगड, सगळा गोवा या पट्ट्यात जूनपासून कागदी पत्ता ओल धरतो. पापडासारखा वाकतो, एकमेकाला चिकटतो, वाटताना दोन दोन निघतात. प्लॅस्टिकला ओलीचं काही नाही. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या हवेत कागद जास्त टिकतो, पण तिकडच्या किंवा हैदराबादच्या मे महिन्यात प्लॅस्टिकचा कॅट गाडीच्या काचेखाली विसरला तर तोही वाकतो आणि मग सरळ होत नाही.

दुसरा फायदा धुण्याचा. चिवडा, भजी, शेंगा यांच्याशिवाय डाव होत नाही आणि तेलाचा एक ठसा दुमडलेल्या कोपऱ्याइतकाच घातक. प्लॅस्टिकचे पत्ते कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून फडक्याने पुसून घ्यायचे, वाळवायचे, झालं. पावडर लावू नका. कॅरमबोर्डची सवय म्हणून आमच्याकडं एकाने लावली, पुढचे दोन दिवस पत्ते हातात थांबत नव्हते.

एक गैरसोय सांगून ठेवतो. नवे प्लॅस्टिकचे पत्ते गुळगुळीत फरशीवर, सनमायकाच्या टेबलावर घसरतात. खाली जाड चादर किंवा सतरंजी हवी. महागडा हिरवा मॅट लागत नाही.

आकार दोन असतात. पोकरचा पत्ता अडीच इंच रुंद, ब्रिजचा सव्वादोन. उंची दोन्हीची साडेतीन इंच. नाव पोकर म्हणून रुंदच घेतला पाहिजे असं काही नाही. घरात रमीही होत असेल तर अरुंद घ्या, तेरा पत्ते धरायला काकूंच्या हाताला तोच बरा पडतो. होल्डेमचे दोन पत्ते कुठल्याही आकारात चालतात.

आकारापेक्षा कोपऱ्यातला आकडा महत्त्वाचा. मध्ये उघडलेले पाच पत्ते चटईच्या चारी बाजूंना बसलेल्या आठ जणांना दिसले पाहिजेत, चष्मा विसरून आलेल्यालाही. त्यासाठी मोठ्या आकड्याचा, म्हणजे जंबो इंडेक्सचा कॅट घ्यावा. अगदी अर्धा पत्ता व्यापणारा मात्र नको; झाकून बघताना शेजाऱ्यालाही दिसतो. ट्यूबलाइट मंद असेल तर चार रंगांचा कॅट चांगला : इस्पिक काळं, बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं. एकाच रंगाचे पाच पत्ते जमले की नाही यावर वाद होत नाही. जुन्या खेळाडूंना पहिल्या दिवशी तो चमत्कारिक दिसतो, दुसऱ्या डावाला सवय होते.

आकड्यावरून आठवलं. पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा छापणं ही एकोणिसाव्या शतकात रुळलेली सोय. इथून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं की राजवाड्यात गंजिफा बनताना बघायला मिळतो. गोल पानं, त्यामुळं कोपरा नाहीच. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा, अशी १२० पानं. ती चित्र ओळखूनच खेळावी लागतात. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी ही कला पुन्हा उभी केली नसती तर आज ती फक्त संग्रहालयात दिसली असती. घरी ठेवायला जरूर घ्या. रोजच्या भज्यांच्या डावात मात्र हातानं रंगवलेली पानं काढू नका.

पाठ आणि जोडी

पत्त्याची पाठ वरखाली सारखी दिसते का, हे दुकानातच कॅट फिरवून बघा. समुद्रकिनाऱ्याचं चित्र असलेले गोव्याच्या भेटवस्तूंमधले कॅट, कंपनीचं नाव छापलेले दिवाळी-भेटीचे कॅट यांची पाठ बहुधा एकाच बाजूने सरळ असते. नारळाचं झाड उलटं दिसलं की तो एक्का, अशी खूण कुणीही करू शकतो. कॅसिनोत वापरून बाद केलेले कॅटही कुणी कुणी आणतं. ते बाद करताना भोक पाडतात किंवा कोपरे छाटतात. आठवण म्हणून ठीक, खेळायला नको.

कॅट नेहमी दोन घ्या, एक लाल पाठीचा, एक निळा. एकाने खेळायचं, तोवर दुसरा कुणीतरी पिसून ठेवायचा. वेळ निम्मा वाचतो. लालचा जोकर निळ्याच्या तळाशी आणि निळ्याचा लालच्या तळाशी ठेवा, म्हणजे वाटताना सर्वात खालचा पत्ता कुणाला दिसत नाही.

पिसण्याबद्दल थोडं. आपण एका हातात कॅट धरून थोडे थोडे पत्ते वर टाकत पिसतो. त्याने पत्त्यांचे गठ्ठे इकडचे तिकडे होतात, आतली जोडपी तशीच राहतात. कॅटचे दोन भाग करून अंगठ्याने फडफडत एकात एक सोडायची जी पद्धत आहे, त्यात सात वेळा केलं की कॅट नीट मिसळतो, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. ते जमत नसेल तर सगळे पत्ते चादरीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी गोल कालवा, मग गोळा करून पिसा, शेजाऱ्याकडून काटून घ्या. सुरुवात करायच्या आधी चार रंगांचे तेरा-तेरा मोजायचे. घरातल्या लहान मुलांनी एखादा पत्ता पुस्तकात खूण म्हणून घातलेला असतो, तो मध्यरात्री आठवण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

आता चिप्स

माझी आजी तीनशे-चार खेळताना चिंचोके वापरायची. डबाभर चिंचोके घरातच असायचे, आणि परसात चिंचेचं झाडही. नातवंडांनी खिशातून चिंचोके आणायला सुरुवात केली तेव्हा आजीने सगळ्या चिंचोक्यांना एका बाजूने गेरू लावला. बिनगेरूचा चिंचोका दिसला की तो बाद आणि आणणाराही बाद. आमच्या काड्यांच्या रात्री हे कुणालाच सुचलं नाही! चिप्स विकत घ्यायचं खरं कारण एवढंच : त्यांचा पुरवठा घरात दुसरीकडं कुठं नसतो.

दुकानदार वजनावर विकतो. साडेअकरा ग्रॅम, साडेतेरा, चौदा. जितका जड तितका कॅसिनोसारखा, असं सांगतो. प्रत्यक्षात मोठ्या कॅसिनोंमधले बरेचसे चिप्स ८ ते १० ग्रॅमचेच असतात. घरगुती सेटमध्ये वजन येतं ते आत घातलेल्या धातूच्या चकतीमुळं. जड चिप्स हातात बरे वाटतात आणि रचायला सोपे, इतपतच त्याचा उपयोग. दोन-तीन ग्रॅमचे पातळ प्लॅस्टिकचे चिप्स मात्र घेऊ नका. पंख्याच्या वाऱ्याने ढीग पडतो आणि पडलेल्या ढिगातून कुणाचे किती हा नवा वाद. साडेअकरा ग्रॅमचा साधा सेट घरी भरपूर झाला. दुकानात दहा चिप्स एकावर एक रचून बघा, ढीग डुलत नसेल तर घ्या. रंग पिवळ्या दिव्याखाली वेगळे दिसतात का तेही बघा. गडद निळा आणि काळा रात्री एकच होतात.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून इथं थोडा रेंगाळतो. किती चिप्स हवेत, याचा हिशेब माणसांवरून होतो. समजा आठ जण आहेत आणि प्रत्येकाला १,००० गुण द्यायचे. ५ चे दहा, २५ चे दहा आणि १०० चे सात. ५० अधिक २५० अधिक ७००, बरोबर हजार. माणशी २७ चिप्स, आठ जणांचे २१६. म्हणजे दोनशेचा सेट अपुरा, तीनशेचा पुरेसा. दोनशेचा सेट सहा जणांपर्यंत ठीक : १६२ वाटून ३८ शिल्लक. दहा जण नियमित येत असतील तर पाचशेचा घ्या.

पण डब्यावरचा ३०० हा आकडा फसवा असतो. रंगांची वाटणी बघा. समजा एका रंगाचे १०० आणि बाकी चार रंगांचे ५०-५० आहेत. मग २५ चे आणि १०० चे आठ जणांना सहा-सहाच येतात. अशा वेळी हजाराचा हट्ट सोडायचा : ५ चे दहा, २५ चे सहा, १०० चे सहा, म्हणजे ८०० गुण. खेळ तितकाच चांगला होतो. सुटे कमी ठेवून मोठे चिप्स वाटले, तर मात्र सगळी रात्र बसच्या कंडक्टरसारखं "सुटे द्या, सुटे द्या" चालतं.

होल्डेममध्ये वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना दर डावाला सक्तीची बोली लावावी लागते. हजाराच्या खेळात ती ५ आणि १० ने सुरू करायची आणि दर वीस मिनिटांनी वाढवायची : १० आणि २०, मग २५ आणि ५०, मग ५० आणि १००, असं. बोली २५ वर गेली की ५ च्या चिप्सचं काम संपलं. सगळ्यांचे मिळून ८० चिप्स म्हणजे ४०० गुण. ते जमा करून १०० चे चार द्यायचे. १०० आणि २०० च्या टप्प्याला २५ चेही तसेच गोळा करून ५०० चे द्यायचे. अशाने दोन-अडीच तासांत निकाल लागतो. बोली वाढवली नाही तर पहाटेपर्यंत कुणीच हरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं.

चिप्सवर आकडा छापलेला असावा की कोरे असावेत? नवख्यांना आकडे बरे. मला कोरे आवडतात, कारण वरच्यासारखा ८०० चा हिशेब करायचा झाला तर रंगाची किंमत बदलता येते; भिंतीवर एक कागद चिकटवला की झालं. डॉलरचं किंवा रुपयाचं चिन्ह असलेले मात्र टाळा, त्याचं कारण पुढं येतंच.

पेटी एकाच्या ताब्यात असू द्या. त्याने वहीत दोनच रकाने मांडायचे : कुणाला किती दिले, शेवटी कुणाकडं किती. आठ जणांचे आठ हजार, एकाने पुन्हा हजार घेतले तर नऊ. डाव संपल्यावर बेरीज नऊ हजारच यायला हवी. मध्ये विश्रांतीला उठताना एकदा मोजून घेतलं तर चूक कुठं झाली हे तिथंच सापडतं.

पैसे आले की हद्द आली

आपण तीन राज्यांच्या कडेला राहतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. कर्नाटकात १९६३ चा पोलीस कायदा, महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा. गोव्यात कॅसिनोला परवानगी आहे म्हणजे तिथल्या फ्लॅटमध्ये पैसे लावून बसायला परवानगी आहे असा अर्थ होत नाही. सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा. जागेचा मालक डावातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. पोकरबद्दल उच्च न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये कौशल्याचा खेळ म्हणून त्याच्या बाजूने आदेश झाला. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं, हे बडोद्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं. तेलंगणाने त्याच वर्षी कायदा बदलून पैसे लावून रमी खेळणंही बंद केलं.

म्हणजे एकाच चिप्सच्या पेटीचा अर्थ हद्द ओलांडली की बदलतो. चिप्सला रुपयाची किंमत नसेल, घरमालक डावामागे काही काढून घेत नसेल, तर ती प्लॅस्टिकची चकती आहे. म्हणून चिन्हाशिवायचे चिप्स आणि वहीत रुपयांऐवजी गुण. आमच्याकडं हरणारा अजूनही जेवणच देतो.

खरेदीला जाणार असाल तर बिल बघून घ्या; २२ सप्टेंबर २०२५ पासून पत्त्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, जुन्या दराने लावला असेल तर विचारा. मी शेवटी दोन पीव्हीसी कॅट आणि तीनशे कोऱ्या चिप्सची पेटी आणली. पहिल्या रात्री बेरीज आठ हजार आली. मामेभावाने ती दोनदा मोजली, मेहुण्याने तिसऱ्यांदा.